काटा फुल, पण युरिया शेतातला

मंडळी, आज खंडाळ्याच्या हॉटेलात भाजी पोचवायला निघालो आणि चढावर पिकअप गाडीची ओढच गेली. लाल दिवा लागला. धूर साफ करायला गाडीत वेगळा युरिया घालतात, त्याचा काटा मात्र फुल! टाकी कालच माझ्या सख्ख्या भावानं, संभादादानं भरलेली.

मेकॅनिक म्हणाला, "ह्यात शेतातला युरिया कालवलाय."

दादाला फोन लावला.

"व्हय, पोत्यातलाच टाकला. युरिया तो युरियाच की!"

"मग नवा कॅन आणून ओतला म्हणत रिकामा कॅन दाखवलास तो?"

"जुनाच व्हता. खरं सांगितलं असतं तर तू टाकू दिला असतास का?"

नुसती चूक असती तर हसलो असतो. गाडीनं खोटं अर्ध्या तासात ओळखलं. मला दादाचं अजून काय काय खोटं ओळखायचं राहिलंय?