आठचा फोन

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीच्या घरी तांदूळ निवडत होते. मांडवीहून त्याच्या शेजारच्या सुलभावहिनी बोलत होत्या. "सकाळी पेपर उचलायला बाहेर आले नाहीत, म्हणून बघायला गेले..." पुढे त्यांना बोलवेना. त्याला आता दीड महिना झाला. माझ्या तोंडून तेव्हा पहिलं जे निघालं, त्याची अजून लाज वाटते: "गोळी जास्त घेतली का हो त्याने?" तसं काही नव्हतं, हृदयच थांबलं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण तो प्रश्न वर्षभर माझ्या जिभेवरच बसला होता.

दादा माझा थोरला भाऊ. उभा जन्म बोटीवर, इंजिनाच्या घरघरीत गेला. तिथे ढाराढूर झोपणारा माणूस त्याची बायको, माझी वहिनी, गेल्यावर घरात टक्क जागा! "कोणी घोरत नाही गो, झोप यायची कशी?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मला काही हसू यायचं नाही. मग कॅनडातल्या मुलाने झोपेसाठी मेलाटोनिनच्या जेलीच्या गोळ्यांची बरणी पाठवली. आपल्याकडच्या दमट हवेत मीठ पाझरतं, तिथे जेलीची काय कथा? महिन्याभरात सगळ्या गोळ्यांचा मिळून एक लगदा झाला. दादा तो अडकित्त्याने कातरून खायचा, सुपारीसारखा! मध्येच जाग आली की आणखी एक खांड. सकाळी झोकांड्या जायच्या, आणि एकदा न्हाणीच्या पायरीवर आपटला, कपाळाला खोक पडली. बरणी पाहून माझं डोकंच फिरलं. "औषध नव्हे गो, तिकडे वाण्याकडे मिळतं," तो पुटपुटला. मी नको नको ते बोलले त्याला. घाबरले की मी अशीच तडतडते.

डॉक्टर अडकित्त्याचं ऐकून हसले आणि लगेच गंभीर झाले. दादाला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. "तिच्याबरोबर हे न विचारता घेतलंत? रक्तस्राव झाला असता म्हणजे?" बरणी त्यांनी ठेवूनच घेतली. चालू औषधं सगळी तपासून मेलाटोनिनचीच कमीत कमी ताकदीची साधी गोळी दिली, तीही थोड्याच आठवड्यांपुरती. झोपायच्या तासभर आधी एकच घ्यायची, मध्ये जाग आली तरी दुसरी नाही. सकाळी उन्हात फिरायचं, दुपारची झोप आवरायची, आणि पुन्हा येऊन दाखवायचं. दादा नववीतल्या मुलासारखा मान डोलवत होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आठला माझा फोन. "घेतलीस?" "घेतली गो." "एकच?" "एकच." संपलं. त्याने कधी बोलणं लांबवलं तर मीच म्हणायची, "ठेव आता, दूध उतू जाईल." पालीहून मांडवी किती लांब म्हणता? तासाभराचीही वाट नाही. पण महिना महिना माझं जाणं व्हायचं नाही. कामं काय, रोजचीच होती.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या औषधांचा डबा आवरायला घेतला. अडकित्ता तळाशी, धुऊन पुसून ठेवलेला. त्याच्याखाली डॉक्टरांचा कागद. दादा मला न कळवता एकटाच रिक्षा करून पुन्हा दाखवून आला होता. कागदावर लिहिलं होतं, झोप सुधारली, मेलाटोनिन बंद. कागद आठ महिन्यांपूर्वीचा! पट्टीत चार गोळ्या तशाच शिल्लक... म्हणजे आठ महिने हा माणूस रोज संध्याकाळी मला "घेतली गो" सांगत होता. ती थोड्याच आठवड्यांपुरती होती हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं, आणि गोळीखेरीज दुसरं काही मी विचारतच नव्हते ना! गोळी बंद झाल्याचं सांगितलं तर फोनही बंद होईल, असं वाटलं असणार त्याला. आणि खरं सांगते, झालाच असता.

परवा आठला हात आपसूक फोनकडे गेला. नंबर बंद असल्याचं ती बाई सांगायला लागली. तिचं बोलणं संपायच्या आत मी विचारून घेतलं, "दादा, जेवलास काय रे?"