रिकामा निवारा आणि सुलभाताई

सुलभाताई रत्नपारखी यांची आणि माझी पहिली भेट एका रिकाम्या हॉलमध्ये झाली. नगर शहरातल्या बेघरांसाठी आमच्या संस्थेने एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत निवारा चालवायला घेतला होता आणि मी तिथे व्यवस्थापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गाद्या नव्या, चादरी धुतलेल्या, पाण्याची सोय चोख. नव्हती ती फक्त माणसे. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या ताई त्याच सुमारास संस्थेच्या अध्यक्षा झाल्या होत्या. मी त्यांना इमारत दाखवू लागलो. खाली पुरुष, वर महिला, मागे न्हाणीघर. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि विचारले,

"इथं झोपत नाहीत, मग कुठं झोपतात?"

"लोकांना अजून माहिती नाही, ताई."

"माहिती नाही, की नको आहे?"

उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते आणि तसे त्या मोकळेपणाने म्हणाल्या. "उद्या सकाळी जाऊन विचारू," एवढे सांगून त्या रिक्षात बसल्या.

प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. शहरात बेघर असते तर निवारा भरला असता, तो रिकामा आहे म्हणजे गरजच नाही, असे महापालिकेतून ऐकू येऊ लागले होते. इमारत काढून घेण्याची भाषा सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही बसस्थानकावर गेलो. फलाटाच्या कडेला माणसे अंथरुणे गुंडाळत होती. ताई सरळ एका म्हाताऱ्या जोडप्याजवळ जाऊन खाली फरशीवर बसल्या. कोंडाबाई आणि रामहरीबाबा हे तिसगावकडचे. रामहरीबाबांची दृष्टी गेलेली. उपचारासाठी म्हणून ते नगरला आले, ते महिनोन् महिने इथेच राहिले. दरम्यान गावाकडचे घर पावसात बसले आणि त्या जागेवर पुतण्यांनी गोठा घातला. आता कोंडाबाई मार्केट यार्डात कांदे निवडायला जात आणि बाबा दिवसभर स्थानकावर बसून राहत.

"आमच्याकडे निवारा आहे, तिकडं का येत नाही?" ताईंनी विचारले.

"गेल्तो की," कोंडाबाई म्हणाल्या. "तिकडं गड्यांना खाली ठेवत्यात, बायांना वर. ह्यांना दिसत न्हाई. रातचं उठले तर हात कुनी धरायचा? हितं उघड्यावर हाय, पर जवळ तर हाय."

ताई आणखी कितीतरी जणांशी बोलल्या. लग्नकार्यात वाढप्याचे काम करणाऱ्यांना परतायला उशीर होई आणि तोवर आमचे फाटक बंद झालेले असे. भंगार वेचणाऱ्या बाईला पोते आत आणू दिले नव्हते. एक हमाल म्हणाला, तुमच्या हॉलपासून यार्ड लांब पडते, पहाटेची मालाची गाडी चुकली तर दिवसाची मजुरी बुडते. कुणीही रागाने बोलले नाही. निवारा आपल्यासाठी नाही, असे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले होते.

परत आल्यावर ताईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे अध्यक्षांची खोली रिकामी करायला घेतली. मी टेबलाचे एक टोक धरले, त्यांनी दुसरे. त्या खोलीत कोंडाबाई आणि रामहरीबाबा राहायला आले. फाटकावर रखवालदाराची पाळी बदलली आणि उशिरा येणाऱ्यांना दार उघडू लागले. पोत्यांसाठी मागची पडवी झाकून घेतली. यार्ड काही जवळ आणता येत नव्हते. त्या हमालासाठी त्यांनी एका टेम्पोवाल्याला गळ घातली आणि तो जाता जाता दोघाचौघांना घेऊन जाऊ लागला.

समितीच्या बैठकीत वादळ झाले. स्त्री-पुरुष एका खोलीत ठेवणे नियमात बसत नाही, उद्या काही झाले तर जबाबदार कोण, असे ज्येष्ठ सभासदांनी विचारले. ताई म्हणाल्या, "मी." आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

पण नियमाचा प्रश्न तिथे संपणार नव्हता. थोड्याच दिवसांत तपासणीसाठी महापालिकेचे एक अधिकारी आले. इमारत ठेवायची की काढून घ्यायची, हे त्यांच्या अभिप्रायावर ठरणार होते. फिरत फिरत ते त्या खोलीच्या दाराशी आले. आत कोंडाबाई बाबांना चहा देत होत्या. कप त्यांच्या हातात नीट बसला की नाही, हे बघून मगच आपला हात सोडत होत्या.

"मॅडम, हे नियमात बसत नाही," अधिकारी हळूच म्हणाले.

"खरं आहे," ताई म्हणाल्या. "मग यांनी कुठं बसावं, तेवढं सांगा."

अधिकाऱ्यांनी दारातूनच खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाले, "खिडकीला पडदा लावून घ्या. रस्त्यावरून आतलं दिसतं." आणि पुढच्या खोलीकडे गेले. इमारत आमच्याकडे राहिली.

त्या थंडीत आम्हाला ओसरीवरही सतरंज्या घालाव्या लागल्या. निवारा केव्हा भरतो आणि केव्हा रिकामा होतो, हे आम्ही ताईंच्या नजरेतून शिकलो. उन्हाळ्यात लोक उघड्यावर झोपणे पसंत करतात, तेव्हा कमी माणसे बघून हुरळून जायचे नाही. लग्नसराईत गर्दीची वेळ पुढे सरकते. दवाखान्यातून सुटी मिळालेला, पण घरी नेणारे कुणी नसलेला माणूस कोणत्याही ऋतूत येतो. ताई भूगोल शिकवत असत. पाऊस का पडतो, हे सांगावे तितक्याच शांतपणे त्या हे सांगत.

एका बाबतीत मात्र माझे आणि ताईंचे आजही जुळत नाही. दारू पिऊन आलेल्याला त्या आत घेत नाहीत. मी म्हणतो, थंडी पिणाऱ्यालाही वाजते. त्या म्हणतात, वरच्या बायका कुणापासून पळून आल्या आहेत, ते आधी त्यांना विचार. आम्ही दोघेही हट्टी आहोत. हल्ली अशा माणसाला फाटकाजवळच्या शेडमध्ये घोंगडी मिळते. ही तडजोड मला पुरेशी वाटत नाही आणि ताईंना जास्त वाटते.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग माझ्या घरचा आहे. मी राहुरीजवळच्या खेड्यातला. शिकलासवरलेला मुलगा असले काम करतो, याचे माझ्या वडिलांना फार लागले होते. ते माझ्याशी बोलेनासे झाले. ताईंना हे कुठून कळले, मला माहीत नाही. एका रविवारी त्या एकट्याच एस.टी.ने आमच्या गावी गेल्या आणि वडिलांना गाठायला थेट शेतात पोहोचल्या.

"एवढं शिकून पोरगं लोकांची अंथरुनं उचलतंय," वडील म्हणाले.

"मीही उचलते, दादा," ताई म्हणाल्या. "आम्ही दोघं मिळून उचलतो. एकदा येऊन बघा."

आईच्या हातची भाकरी खाऊन त्या संध्याकाळच्या गाडीने परतल्या. महिन्याभराने वडील निवाऱ्यावर आले. दुपारभर रामहरीबाबांशी पीकपाण्याच्या गप्पा मारत बसले आणि निघताना मला म्हणाले, "जेवत जा येळेवर." आमच्या घरात एवढे पुरते.

रामहरीबाबा गेले ते आमच्याच निवाऱ्यात, कोंडाबाईंचा हात हातात असताना. तेराव्यानंतर कोंडाबाई ताईंकडे आल्या. "आता मी वर बायांकडं जाते," म्हणाल्या. "ती खोली दुसऱ्या कुना नवरा-बायकूला द्या. स्टँडावर येक जोडपं बसलंय, मी बघून आले." ताईंनी कोंडाबाईंची वळकटी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढू लागल्या. ती वळकटी माझ्याकडे द्या, असे म्हणायचा धीर मला झाला नाही.

ताई आता पंच्याहत्तरीत प्रवेश करत आहेत. रोज सकाळी त्या येतात आणि काल किती जण आले, असे कधीच विचारत नाहीत. त्या विचारतात, "काल कोण आलं नाही?" न आलेल्या माणसाला घर तरी मिळालेले असते, नाहीतर त्याचे काही बिनसलेले असते, आणि दोन्ही त्यांना कळायला हवे असते. ताईंचे गुडघे चालते राहोत, झोप शांत लागो, आवाजातली जरब अशीच राहो. हा प्रश्न विचारायला त्या पुढची कितीतरी वर्षे फाटकातून आत येत राहोत, आणि ज्याचे नाव आम्ही घेऊ, त्याला घर मिळाले असे त्यांना सांगण्याची संधी आम्हाला पुन्हा पुन्हा मिळो.