अनसाबाईच्या बाणूचं जन्मगाव

आधी अनसाबाईचा आवाज यायचा आणि मागून अनसाबाई. तिची मेंढरं ओढ्यापलीकडं असली तरी इकडं आमच्या शाळेतले पाढे थांबायचे. नवरा काशाप्पा अबोल, त्यामुळे दोघांच्या वाट्याचं बोलणं तीच उरकून टाकायची. मी त्या दोनमास्तरी शाळेतला धाकटा मास्तर, आणि मला ही बाई पहिल्यापासून आवडायची. खोटं बोलली तरी तोंडावर बोलायची.

राज्याच्या हद्दीलगत, पण कन्नड बाजूला कोहिनूर हे खेडं, आणि त्याच्या वरच्या अंगाला आमचं मराठी बोलणारं गाव. उन्हाळा कलला की तिचा कळप यायचा. शेतकरी पेरणीआधी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि लेंडीखताच्या बदल्यात जवारी द्यायचे. त्यात कुणाच्या रानात तळावर धनगरीण बाळंत झाली, तर ते रान भाग्याचं ठरायचं. मालकिणीनं तिला लुगडं-चोळी करायची आणि पुढं जन्मभर गावाला सांगत सुटायचं.

सत्त्याहत्तर साली ती एक कागद घेऊन माझ्याकडं आली. वाटेत कुणा शिपायानं हा कागद नाचवून ‘चराई बंदचा सरकारी हुकूम’ म्हणून सांगितलं होतं आणि मिटवामिटवीला एक कोकरू उचलून नेलं होतं. मी कागद वाचला. ती तंबूतल्या सिनेमाची जाहिरात होती.

कोकरू गेल्याचं तिला फार नव्हतं. नाचगाण्याच्या कागदापायी गेलं, याचा संताप होता.

“लहान गुरुजी, माझी बाणू साळंत घाला,” ती म्हणाली. “म्या फसले. ती फसायची न्हाई.”

मी तिला मोठ्या गुरुजींकडं नेलं. अंकुशराव माणूस वाईट नव्हते, पण वरून आलेला हुकूम म्हणजे त्यांना देवाचा कौल. त्याच उन्हाळ्यात तपासणीला आलेले साहेब बजावून गेले होते, की हद्दीपलीकडची फिरती पोरं भरायची नाहीत. पोर इथंच जन्मल्याची साक्ष असेल तरच घ्या. राज्यांच्या हद्दी पडून वीस वर्षं झाली होती, पण मेंढरांना कुणी कळवलं नव्हतं.

वयाचं लगेच मिटलं. बाणूनं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला, सहा पूर्ण. तरी अनसाबाईचं समाधान होईना. तिनं पोरीचा जबडा धरून उघडला. “दात बी बघून घ्या. दोन पडून नवे आलेत.” अंकुशराव दोन पावलं मागं सरकले.

“दात राहू द्या, बाई. जन्म कुठला?”

“मेंढरांतला.”

“गाव कोणतं?”

“रातच्याला कळा आल्या, गुरुजी. गाव कुनी इचारलं?”

“मग ज्याच्या शेतात जन्मली त्याला साक्षीला आणा. नाहीतर मला घेता येणार नाही.”

एवढंच ना, म्हणून ती गेली. मला वाटलं, सुटलं कोडं. पण एका साक्षीला कमीपणा समजणारी ही बाई. सकाळी शाळेच्या ओसरीवर तिनं आमच्याच गावातले तीन साक्षीदार आणून बसवले: रेवणप्पा आणि नरसिंग हे दोन शेतकरी आणि विधवा शेतकरीण शकुबाई.

रेवणप्पा उठून म्हणाला, “पोरगी माझ्याच रानात जलमली. चिंचंखाली. त्या साली खंडीभर जवारी झाली.”

नरसिंगनं त्याच्याकडं वळून पाहिलं. “चिंचंखाली कसली? माझ्या हिरीजवळ जलमली. माझ्या बायकोनं लुगडं नेसवलंय.”

“तुमचं दोघांचं डोस्कं फिरलंय,” शकुबाई म्हणाल्या. “ती माझ्या बांधावरची. मी सोताच्या हातानं शेकशेगडी केलीय.”

रेवणप्पा आणि नरसिंग तर बाह्या सावरायला लागले. अंकुशरावांनी टेबलावर पट्टी आपटली. “एक लेकरू तीन ठिकाणी कसं जन्मेल? बाई, खरं सांगा. नाहीतर घेऊन जा पोरीला.”

अनसाबाईनं पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“ह्यातल्या कुनाच्याबी रानात न्हाई, गुरुजी. पल्याड उदगीरच्या वाटंवर झाली, सडकंच्या कडंला. मग इकडं आलो. रेवणअण्णाच्या बायकोनं वलं लेकरू बघितलं आन् लुगडं काढलं. लई मायेनं दिलं, नको कसं म्हनू? फुडल्या रानात गेलो तर लेकरू तवाबी न्हानच हुतं.”

मला हसू आवरेना. तोंडाला रुमाल लावून मी भिंतीकडं वळलो. पण मग लक्षात आलं. बाईनं खरं बोलून पोरीची शाळा घालवली होती. पलीकडच्या राज्यात जन्म, म्हणजे हुकुमाप्रमाणे नाव भरायचं नाही.

आणि तेव्हा जे झालं ते फक्त आमच्याकडंच होऊ शकतं. तिघंही साक्षीदार तिच्यावरच उलटले.

“लबाड बोलायलीस कामून?” रेवणप्पा म्हणाला. “खंडीभर जवारी काय सडकंला झाली व्हय?”

“बाळंतिणीला कुठं सुद असती,” नरसिंगनं दुजोरा दिला. “आमाला ठावं हाय.”

सहा वर्षं मिरवलेलं भाग्य कोण सोडणार? आई एकटी नाही म्हणत होती आणि तीन साक्षी हो म्हणत होत्या. अंकुशरावांनी हिशेब केला, की हुकुमात साक्ष मागितली आहे, आईचं मत नाही. त्यांचा चेहरा खुलला. पण नियमाचा माणूस तो, त्यांनी पुढचं विचारलंच.

“बरं. पेरण्या लागल्या की मेंढरं पुढं जाणार. शाळा इथं. मग पोर राहणार कुणाच्या घरी?”

रेवणप्पाला आठवलं, की चिंचेखाली जन्मलं ते बहुतेक दुसरीचं लेकरू. नरसिंग म्हणाला, अंधार फार होता. दोघं चपला शोधायला लागले.

शकुबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. “माझ्या बांधावर जलमली म्हनलं ना? मग माझ्याच घरी ऱ्हाईल. भाकर काय जड हाय मला?”

बाणूचं नाव लागलं. जन्मगाव, आमचं गाव. अनसाबाईनं अंगठा उठवला आणि शाई पुसायची सोडून पोरीला जवळ ओढलं. पोरीला शाळा मिळाली म्हणजे पोरीला इथं ठेवून जायचं, हे तिला तेव्हा उमगलं. मला तिची फार दया आली, पण वाट अंकुशरावांनीच काढली होती, म्हणून त्यांचा राग आला नाही.

कळप निघायच्या दिवशी शकुबाईंनी कहर केला. आपल्या बांधावर पोर जन्मली, ते सरकारातही लागलं, मग बारसं नको का? सहा वर्षांच्या पोरीला नवं परकर-पोलकं नेसवून पाटावर बसवलं आणि गावभर घुगऱ्या वाटायला काढल्या. बायका हसून बेजार. बाणू लाजून चूर. अंकुशरावांनीही गंभीरपणे ओंजळ पुढं केली.

मेंढरं ओढ्यापाशी थांबली होती. काशाप्पा तिथूनच हात करत होता. अनसाबाई मात्र निघेना. बायकांच्या मागं उभी राहून ती आपली पाळी यायची वाट बघत होती, आणि शकुबाई समोर आल्या तेव्हा तिनं पदर पसरला.

“मला बी द्या मूठभर,” ती म्हणाली. “पोरीची माय हाय मी.”

शकुबाईंनी टोपलं खाली ठेवलं आणि आधी तिला पोटाशी धरलं.