तिसरी सुई

मेरेरिद चार वर्षं नर्स ऐर्लिसशी बोलली नव्हती. आमच्या दरीत हे सोपं नाही. एकच रस्ता आहे, एकच पोस्ट, एकच चॅपेल. ऐर्लिस समोरून आली की मेरेरिद रस्ता ओलांडायची. पलीकडे फुटपाथ नाही, नुसता चिखल. ती चिखलातून चालायची.

पूर्वी दोघी चॅपेलच्या गायकवृंदात शेजारी उभ्या राहत. दोघींचाही आवाज खालच्या पट्टीतला. मेरेरिदने वृंद सोडला, तेव्हापासून ऐर्लिसच्या शेजारची जागा कुणी घेतली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. घेतली नाही, एवढंच.

कारण सगळ्यांना माहीत होतं. मेरेरिदच्या मुलाला, मॅक्सेनला, ती लस ऐर्लिसने टोचली होती. गोवर, गालगुंड आणि रुबेला, तिन्हींची मिळून एकच सुई. तेव्हा तो तेरा महिन्यांचा होता आणि त्याला एक शब्द येत होता. ग्लाव. म्हणजे आमच्या भाषेत पाऊस. खिडकीच्या काचेला तळवा लावून तो म्हणायचा, ग्लाव. दीड वर्षाचा होईपर्यंत तो शब्द गेला. दुसरा आला नाही.

आमच्याकडे पाऊस नाही असा दिवस क्वचित उगवतो. मेरेरिद रोज त्याला खिडकीशी उभं करायची. तोच शब्द म्हणायची आणि थांबायची.

त्या काळात वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर हाच विषय होता. तिन्हींची एकत्र लस पोरांची वाचा नेते, असं काही जण म्हणत होते. डॉक्टर म्हणत होते, नेत नाही, सगळीकडे तपासून पाहिलंय. मेरेरिद दोन्ही ऐकायची. तिचा विश्वास मात्र खिडकीवर होता. शब्द होता, हे तिने पाहिलं होतं. शब्द गेला, हेही पाहिलं होतं. मधे सुई घेऊन ऐर्लिस उभी होती.

तिची सासू, जिला अख्खी गल्ली मामगी, म्हणजे आजी, म्हणते, एकदा म्हणाली होती की पोरगं पाळण्यातही आईच्या हाकेला वळत नव्हतं. त्यानंतर महिनाभर मामगीला त्या घराचं दार उघडलं नाही. भिंतीपलीकडे माझं घर. मी रोज मामगीला केक घेऊन येताना आणि तोच केक घेऊन परत जाताना पाहायचे.

मग मॅक्सेनच्या पाठीवर ग्वेनो झाली.

गावच्या दवाखान्यात एकत्रच लस मिळायची. पण पुलापलीकडे, इंग्लंडात, एक खाजगी डॉक्टर हॉटेलचा वरचा मजला भाड्याने घेऊन तिन्ही लसी वेगवेगळ्या द्यायचा. मधे काही आठवड्यांचं अंतर. आधी गोवर, मग रुबेला, शेवटी गालगुंड. आमच्या दरीतल्या आठ-नऊ बायकांना तिथे जायचं होतं. चॅपेलची मिनीबस होती. मी कॉलेज संपवून घरी परतले होते, नोकरी नव्हती, पण मिनीबस चालवायचा परवाना होता. चॅपेलच्या कारभाऱ्यांना आम्ही सहल म्हणून सांगितलं. त्यांनी पोरांसाठी बिस्किटंही दिली.

पण मेरेरिदने आधी एक नियम केला. ग्वेनो एक पुरतं वाक्य बोलेपर्यंत तिला सुई लागणार नाही. एखाददुसरा शब्द हरवतो, वाक्य घट्ट बसतं, असं तिला वाटे. घरात सगळे ग्वेनोच्या मागे लागले. गेथिन, म्हणजे मेरेरिदचा नवरा, कारखान्यातून आला की बूटही न काढता तिच्यासमोर बसायचा. मामगी केकचा तुकडा हातात धरून म्हणायची, माग, नीट माग. पोरगी शब्द शब्द बोलायची, जोडायची नाही. दोन वर्षांची झाली. शेजारच्या गावात गोवराचं एक पोर निघालं, तरी मेरेरिद थांबली.

एका रविवारी जेवणाच्या टेबलाखालून आवाज आला, "मामगीचे पाय घाण वास मारतात."

मामगी म्हणाली, हे शिकवलं कुणी? गेथिनने बिअर उघडली. मेरेरिदने हॉटेलला फोन लावला.

त्या बसचा परतीचा प्रवास मी विसरणार नाही. जाताना बायका गप्प होत्या. येताना कुणी थांबेना. प्रत्येक आई आपल्या पोराला बोलतं ठेवत होती. ती काय आहे? गाय. गाय काय करते? त्या कोकराचा रंग कोणता? तुझ्या आत्याचं नाव काय? पोरं दंड चोळत रडत होती आणि उत्तरं देत होती. वाचा गेली तर ती इथे, या बसमध्येच जाईल, आणि आपण राखण केली तर जाणार नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

"ही पोरं सुईने नाही," गेथिन माझ्या शेजारी बसून म्हणाला, "प्रश्नांनी मुकी होतील."

मागून एक बिस्किट त्याच्या डोक्यावर बसलं.

पुलाच्या अलीकडे ग्वेनोला झोप लागली. आरशात मला मेरेरिदचा चेहरा दिसत होता. तिने पोरीचा मोजा काढला. तळव्याला गुदगुल्या केल्या. ग्वेनो जागी झाली, भोकाड पसरलं आणि म्हणाली, नको. मेरेरिदने पुढच्या बाईला सांगितलं, नको म्हणाली. त्या बाईने तिच्या पुढच्या बाईला. नको म्हणाली, नको म्हणाली, असं करत ते माझ्यापर्यंत आलं.

दुसऱ्या सुईच्या वेळीही तसंच झालं. ग्वेनो बोलत राहिली. आता तर थांबत नव्हती.

मला वाटलं होतं, मेरेरिद सुटेल. झालं उलटं. ती मॅक्सेनबद्दल जास्त बोलू लागली. म्हणजे घरात होता त्या मॅक्सेनबद्दल नाही. तो साडेपाच वर्षांचा होता, रोज टॅक्सीने शहरातल्या खास शाळेत जायचा, वस्तू ओळीत लावायचा, डोळ्यांत बघायचा नाही. ती बोलायची ते दुसऱ्याबद्दल. शब्द न गेलेल्या मुलाबद्दल.

ती गावच्या शाळेत स्वयंपाकघरात कामाला होती. दुपारी पोरांना वाढायची. मॅक्सेनच्या वयाचा वर्ग ताटं घेऊन रांगेत यायचा. तो या रांगेत कुठे उभा असता, हे तिने ठरवून टाकलं होतं. दंगेखोर ओसियनच्या मागे आणि फार्मसीवाल्याच्या मुलीच्या पुढे. दोघांची मैत्री झाली असती, ती म्हणाली. ओसियनच्या नादाने बिघडला असता थोडा. वाटाणे नको म्हणाला असता.

"ओसियनला वाढून झालं की मी डाव भरते आणि जरा थांबते," ती मला म्हणाली. "मग फार्मसीवाल्याची पोर म्हणते, मिस, माझं ताट."

हे ती रडत सांगत नव्हती. परगावी गेलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होती. तो कसा दिसत असेल, उंच झाला असेल का. मी तिच्या घरच्या स्वयंपाकघरात बसलेली असायचे. खालच्या जमिनीवर मॅक्सेन चमचे मांडत असायचा.

तिसऱ्या सुईची तारीख जवळ आली आणि हॉटेलमधून फोन आला. गालगुंडाची वेगळी लस आलेली नाही. कधी येईल सांगता येत नाही. येईल की नाही, तेही.

आधी वाटलं, थांबू. मग गालगुंड आमच्या दरीत आलं. रग्बी क्लबची पोरं एकेक करत सुजली. गालावर सूज घेऊन फिरणाऱ्यांची आधी चेष्टा झाली. नंतर पहिल्या फळीतल्या एका खेळाडूची सूज गालांवरून मांड्यांमधे पोचली, तेव्हा पुरुषांनी चेष्टा बंद केली. ग्वेनोला सप्टेंबरात बालवाडीत जायचं होतं.

आता एकच लस मिळत होती. तिन्हींची मिळून. ऐर्लिसच्या हातची.

ऐर्लिस मामगीला बेकरीत भेटली. म्हणाली, पोरीला कधीही आणा, वेळ घ्यायला नको, मी आहे. मामगीने घरी येऊन निरोप सांगितला आणि लगेच दाराशी जाऊन उभी राहिली, हाकलली तर बरं म्हणून. मेरेरिदने तिला हाकललं नाही.

गेथिन म्हणाला, रुसायचं तर आयुष्यभर रुस, पण पोरीला टोचून आण.  आठवडे गेले. मला वाटत होतं ती भितेय. सगळ्यांना तेच वाटत होतं. जी सुई मुलाला घेऊन गेली, तिच्यापुढे मुलीला कसं धरायचं? मी तिची समजूत घालायला वाक्यं जमवून ठेवली होती.

एका सकाळी तिने माझं दार वाजवलं. ग्वेनोला कोट घातलेला होता. येतेस का, म्हणाली.

दवाखान्याबाहेर एक बाक आहे. ती आत जाईना. ग्वेनो बाकाभोवती फिरत गाणं म्हणत होती, स्वतःच रचलेलं, बदकाचं आणि बसचं.

"भीती वाटतेय?" मी विचारलं.

"हो."

"अगं, ग्वेनोला काही होणार नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिने ग्वेनोकडे पाहिलं, मग खाली.

"ही मुकी झाली तर मी मरेन. पण नाही झाली तर? तीच सुई, तोच हात, आणि ही उद्या अशीच बडबडत उठली तर?"

"तर चांगलंच आहे ना."

"तर मॅक्सेनला कुणी नेलं नव्हतं. चार वर्षं मी म्हणतेय, नेलं. नेलेलं माणूस परत येऊ शकतं, बाळा. कुठेतरी असतं ते."

माझी सगळी जमवलेली वाक्यं गेली. मी तिचा हात धरला. ग्वेनो बदकाला बसमध्ये चढवत होती. ते ऐकत मेरेरिद उठली आणि आत गेली.

ऐर्लिसला मी इतकी वर्षं पाहत आले होते, पण म्हातारी झालेली पाहिली नव्हती. आम्हाला बघून तिने चष्मा पुसला. बसा म्हणाली. तयारी केली. ती पाठमोरी असताना मेरेरिदने विचारलं,

"त्याला कुठे दिली होती?"

ऐर्लिस वळली नाही. "डाव्या मांडीत."

"आठवतं?"

"मेरेरिद, मी त्या दिवसापासून रोज आठवतेय. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. तरी आठवतेय."

 मेरेरिदने ग्वेनोची बाही वर केली. "हिला दंडात द्या, आंटी ऐर्लिस."

ग्वेनो किंचाळली. तू वाईट बाई आहेस, तुझं घर पडणार, असं तिने ऐर्लिसला स्वच्छ सुनावलं. ऐर्लिसने मान डोलावली आणि तिला लिंबाची गोळी दिली. ती गोळी तिने घेतली.

या वेळी मेरेरिदने पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. गायीबद्दल नाही, आत्याबद्दल नाही. घरी गेल्यावर रेडिओ बंद केला. गेथिनला कुजबुजत बोलायला लावलं. ती नुसती ऐकत होती. आठवड्याभराने ग्वेनोला बारीक ताप आला, ऐर्लिसने सांगितलं होतं तसा. पोरगी एक दुपारभर गप्प पडून होती. मेरेरिद जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी खालच्या पायरीवर. वरून काही आवाज येत नव्हता. ती कशासाठी कान लावून बसली होती, हे मला बाकावर कळलं नसतं तर मी देवाची प्रार्थना केली असती. आता काय मागायचं ते कळत नव्हतं.

मग वरून ग्वेनो ओरडली, "मला टोस्ट हवाय, पण कडा नकोत, आणि मामगीने केलेला नको."

मी हसले. मला आवरलं नाही. मेरेरिदही हसली. उठली, टोस्ट भाजला, कडा कापल्या, वर देऊन आली. परत त्याच पायरीवर बसली. तिच्या हातात त्या कापलेल्या कडा होत्या.

आणखी काही आठवडे ती ऐकत राहिली. ग्वेनो वाढत्या पाण्यासारखी बोलत होती. बालवाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाईंनी तक्रार केली, ही कुणाला बोलू देत नाही. गेथिनने ती तक्रार क्लबात सगळ्यांना सांगितली.

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती खिडकीशी नव्हती. बाहेर पाऊस होता. ती टेबलाशी बसली होती, चहा पुढ्यात गार झालेला.

"मी आता कुणाची वाट बघू?" तिने विचारलं.

उत्तर हवं होतं तिला. खरंच हवं होतं. माझ्याकडे बघत होती.  

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिने दार उघडलं. मॅक्सेन आला. त्याने बूट काढले आणि भिंतीशी नीट लावले, टाचेला टाच. तिच्याकडे पाहिलं नाही. ती मात्र पाहत राहिली, त्याचे ओले केस, आखूड झालेल्या बाह्या, गेथिनसारखे मोठे कान. कुणीतरी ओळख करून दिल्यावर पाहावं तसं.

"हाच आहे तर," ती हळूच म्हणाली.

तिने त्याचा कोट काढला. तो आत चमच्यांकडे गेला. ती कोट हातात धरून दारातच उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. टॅक्सी केव्हाच वळणापलीकडे गेली होती.