रियाचे पाय

आमच्या सोसायटीतली रिया पुण्याहून गोव्याला चालत निघाली. वाटेत देणग्या गोळा करायच्या आणि त्या पैशांतून आफ्रिकेत जाऊन एका शाळेच्या भिंती रंगवायच्या, असा बेत. समाजसेवेलाही हल्ली पासपोर्ट लागतो. गेटवर तिच्या हातावर दही ठेवलं, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पाय दुखलेच तर बसायला मागे गाडी होती. तरी तिच्या आईनं डोळे पुसले, "एवढं चालणार माझी पोर!"

तेवढ्यात धुणीभांडी करणाऱ्या मंगलताई टेकडीपलीकडून पायी आल्या. "जपून जा गं," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. कामवाल्यांना लिफ्ट बंद, हा ठराव आमचाच. त्यांना सहाव्या मजल्यावर जायचं होतं. आम्हालाही. लिफ्टमध्ये आम्ही सहा मजले रियाच्या पायांसाठी हळहळलो.