यहुदी साहेबाची चिठ्ठ्यांची पेटी

आमच्या यहुदी साहेबाइतका भित्रा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा तो जर्मन मुलखातून अमरावतीला खरेदीला आला आणि मी त्याचा कारकून झालो. पाल दिसली की हा कापसाच्या गाठीवर! पाणी दोनदा उकळायचा, जोडे चारदा झटकायचा आणि विंचू निघाला नाही तर जास्तच घाबरायचा. मराठी शिकला गाडीवानांकडून, त्यामुळे भल्याभल्या शेटजींनाही "तू काहून आला?" म्हणून विचारायचा. स्वतःची भांडी, स्वतःची चूल; त्याच्या सोवळ्यापुढे आमची आत्या फिकी पडावी.

पण त्याचं एक खूळ भारी होतं. बाजारातल्या आम्हा बारा घरांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून त्याने पेटीत टाकली, तेरावं त्याचं. उपाशी वाटसरूने चिठ्ठी काढायची, साहेबाने नाव वाचायचं आणि त्या घराने एक वेळ जेवू घालायचं. "आमच्या गावी यहुदी लोकं असंच करे," तो सांगायचा. "माहा बाप फेरीवाला. चिठ्ठीवर जगला. भीक नाई मांगली त्यानं, चिठ्ठी काढली." आम्ही हसलो, पण त्याच्या शब्दाखातर जेवू घालू लागलो.

मग बडनेऱ्याला रेल्वेच्या कामावर पटकीची साथ आली. रोज माणसं मरत होती आणि उरलेली उपाशीपोटी अमरावतीची वाट धरत होती. माझी मुलगी तीन महिन्यांची; आधीची दोन लेकरं गेलेली. दाराची कडी वाजली की वाटसरू पटकी घेऊनच आला, असं मला वाटायचं. बायको मुलीला पदराखाली घट्ट धरून म्हणायची, "आवो, आपली चिठ्ठी काढून आना ना. मले लय भेव लागते." मी साहेबाच्या विनवण्या केल्या. तो रोगाच्या धास्तीने आंबट सिरक्याने पुन्हा पुन्हा हात धूत होता. "मले बी भेव लागते," तो म्हणाला. "पन पेटीतून चिठ्ठी भुकेला मानूसच काढते."

पुढे दोन आठवडे रोज साहेबाचंच नाव निघालं. काय फुटकं नशीब बापड्याचं, असं आम्ही म्हणायचो आणि मनातून सुटल्यासारखे व्हायचो. पण आज नाही तर उद्या आपलं निघणारच, या धास्तीने मला अन्न जाईना. शेवटी एका दुपारी साहेब ओसरीवर नाकाला रुमाल बांधून, हातभर लांबून पळीने वाटसरूंना खिचडी वाढत होता, तेव्हा मी चोरासारखा पेटीत हात घातला. पहिली चिठ्ठी साहेबाची. दुसरीही. तेराही चिठ्ठ्यांवर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच नाव!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच एक चिठ्ठी माझ्या नावाची लिहिली आणि आत टाकली. चौथ्या दिवशी ती निघाली. साहेबाने माझं नाव वाचलं आणि वाटसरूला माझ्या स्वाधीन केलं. वाटसरू आमच्या ओसरीवर जेवून गेला आणि पुढचे आठ दिवस मी घटकेघटकेला लेकीच्या कपाळाला हात लावून पाहत होतो. लेक वाचली.

पटकी ओसरली आणि पेटीत पुन्हा सगळ्या घरांची नावं आली. पुढे कापसाचा भाव पडला, साहेब मायदेशी निघाला. पेटी माझ्या हाती देताना म्हणाला, "माह्या नावाची एक चिठ्ठी राहू दे आत."

राहू दिली. परवा एका वाटसरूने नेमकी तीच काढली. मी साहेबाचं नाव मोठ्याने वाचलं आणि त्या माणसाला माझ्या घरी जेवायला घेऊन आलो.