चमकी न काढता

झोपेत माझा श्वास थांबायचा. रात्रीची झोप पुरत नसे, म्हणून दिवसा बसल्याजागी डोळा लागायचा. एकदा भाकरी भाजताना डोळा लागला आणि हात तव्यावर पोळला. बारामतीच्या डॉक्टरांनी हवेचं मशीन लिहून दिलं, पण नाकातल्या चमकीमुळे नाकावरचा मास्क नीट बसेना. बाजूनं हवा सुटायची. डॉक्टर म्हणाले, चमकी काढा. सूनही तेच म्हणाली. नवरा गेला तेव्हा बायका ती काढायला आल्या होत्या, त्यांना मी हाकललं होतं. आता एका नळीसाठी काढू? मी मशीन परत खोक्यात घातलं.

मग मशीनवाल्यांचा माणूस वरकुट्याला घरी आला. पन्नाशीचा, बुटका, कमी बोलणारा. त्यानं मला मास्क लावला, आपल्या हाताची मागची बाजू पाण्यानं ओली केली आणि मास्कच्या कडेकडेनं फिरवली. चमकीपाशी हात थांबला.

"हितनं हवा जातीय."

"चमकी काढायची न्हाय," मी म्हणाले.

"काढा म्हणतंय कोण, आजी? चमकी आधीची हाय, मास्क आत्ता आलाय. सरकायचं तर त्यानं सरकावं."

पिशवीतून त्यानं नुसता नाकपुड्यांखाली टेकणारा लहान मास्क काढला. पुन्हा ओला हात फिरवला, मान डोलावली, चहा घेतला आणि गेला. नाव विचारायचं राहिलं.

आता मी दिवसभर जागी असते. सून म्हणते, "आत्याबाई, तुमी आता भांडायला लई ताज्या असता." खरं आहे. त्या माणसाचं भलं होवो.